रुग्णाच्याच शब्दांत

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रुग्ण तपासायला शिकवतात तेव्हा पहिला दंडक सांगतात तो असा, की मुख्य तक्रार रुग्णाच्याच शब्दांत लिहावी. दंडक उत्तम आहे. अडचण एवढीच, की तो पाळायचा असतो इंग्रजीत. समोरची बाई म्हणते, 'अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरलीय, जीव लागत नाही कशात.' केसपेपरवर उतरते 'ल्युकोरिया' आणि 'बॅकएक'. तिसऱ्या वाक्याला नेमका शब्द सापडत नाही, म्हणून ते गळते. एका भाषेतून दुसरीत जाताना काय गळते हे पाहणे हा आम्हा मराठीच्या अध्यापकांचा रोजचा उद्योग. तेव्हा या गळतीविषयी बोलणे ही आमची आगळीक मानू नये.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. वैद्यकीय मानवशास्त्र हा विषय डॉक्टर किंवा परिचारिका होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला सक्तीने शिकवला पाहिजे. ऐच्छिक म्हणून नव्हे आणि वर्षातून एकदा होणारे शोभेचे व्याख्यान म्हणून तर नव्हेच. आजाराला माणसे काय म्हणतात, त्याचे कारण कशात शोधतात, आधी कोणाकडे जातात, कोणाच्या परवानगीने जातात आणि उपचाराची किंमत कशात मोजतात, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे हे शास्त्र. आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने आणि मानवशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात रोग आणि आजारपण यांत भेद केला. डॉक्टरला दिसतो तो रोग, माणूस जगतो ते आजारपण. मराठीला हा भेद मुळीच परका नाही. 'दुखणे अंगावर काढणे' या वाक्प्रचारात रोगाचे नाव कोठेच नाही. आहे ती दुखणाऱ्याची परिस्थिती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: 'म्हणजे आता डॉक्टरांनी अंधश्रद्धांचा अभ्यास करायचा काय?' या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे. संस्कृती असते ती रुग्णाला. डॉक्टरकडे असते ते निखळ विज्ञान. हे गृहीत किती पोकळ आहे हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आमच्याच विभागातला बीड जिल्हा पुरेसा आहे.

२०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शेकडा सुमारे सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण देशात शेकडा ३.२ आणि महाराष्ट्रात २.६ होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे हे मान्य करूनही ही तफावत डोळ्यांआड करता येत नाही.

आता या प्रकरणात अंधश्रद्धा कोठे आहे, ते आक्षेपकांनी दाखवावे. येथे देवऋषी नाही, अंगारा नाही, उतारा नाही. आहे ते आधुनिक रुग्णालय, सोनोग्राफी आणि भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया. मात्र ती समजून घ्यायची तर दवाखान्याबाहेर पडून उसाच्या फडात जावे लागते. तेथे नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते, ती अंगमेहनतीने फेडायची असते. एकाचा 'खाडा' झाला तर मजुरी बुडते, वर दंड भरावा लागतो. राहायला कोपी, शौचालय, न्हाणी, पुरेसे पाणी यांचा पत्ता नाही. पाळीचे चार दिवस आणि जंतुसंसर्गाचे दुखणे अशा जगण्यात कोठे बसवायचे? या बाईला 'पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल' असे कोणी सांगितले, तर ती आणखी कर्ज काढून पिशवी काढायला तयार होते. तिचा हा निर्णय अज्ञानाचा नव्हे, हिशेबाचा आहे. तो हिशेब तिच्यावर कोणी लादला, हा खरा प्रश्न.

आणि 'पिशवी' या शब्दाकडेही पाहावे. बाई तो वापरते, डॉक्टरही तोच वापरतो. रिकामी झाली की टाकून देण्याची वस्तू, असा अर्थ त्यात सहज मिसळतो. 'मुले किती? दोन? मग आता पिशवीचे काय काम?' हे वाक्य वैद्यकशास्त्राचे नाही. ते बाईच्या शरीराकडे उपयोगाच्या मापाने पाहणाऱ्या संस्कृतीचे आहे आणि पांढरा कोट घातल्याने ती संस्कृती अंगातून जात नाही. सगळेच डॉक्टर पैशासाठी शस्त्रक्रिया करतात, असे आम्ही म्हणत नाही. सद्हेतूने वागणाऱ्या डॉक्टरलाही आपल्या बोलण्यातली संस्कृती दिसत नाही, एवढेच म्हणतो. ती दिसावी हेच या शास्त्राचे काम. ते रुग्णाच्या समजुती तपासते, तशाच डॉक्टरच्याही तपासते. बहुधा म्हणूनच ते नकोसे वाटते.

पुढे बीडमध्ये खाजगी रुग्णालयांनी अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम झाला. नियम हवाच होता. पण परवानगीने हात थांबतो. समोरच्या बाईला वेगळा प्रश्न विचारण्याची बुद्धी परवानगीतून येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. 'चांगला डॉक्टर हे सारे अनुभवाने शिकतोच की!' आणि उदाहरण दिले जाते गडचिरोलीचे. उदाहरण खरे आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या शेकडा ८. हे दुखणे तोवर आकडेवारीत नव्हते, कारण ते कोणी विचारलेच नव्हते. पुढे रुग्णालय उभारताना त्यांनी आदिवासींना विचारले, तेव्हा मोठ्या इमारतीची भीती वाटते हे कळले. म्हणून झोपड्यांच्या धर्तीवर, नातेवाइकांना सोबत राहता येईल असे रुग्णालय बांधले गेले आणि त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. हे मानवशास्त्र नव्हे तर दुसरे काय?

पण या उदाहरणाचा निष्कर्ष आक्षेपक उलटा काढतात. असामान्य माणसे स्वतःच्या बळावर जे शिकतात, तेच सामान्यांना शिकवण्यासाठी अभ्यासक्रम असतो. प्रज्ञावंत विद्यार्थी शरीररचनाही पुस्तके वाचून शिकेल. म्हणून कोणी शवविच्छेदन बंद करीत नाही.

तिसरा आक्षेप सरकारी आहे. 'अभ्यासक्रमात हे आलेले आहेच.' २०१९ पासून नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे घटक आहेत, सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेलाही जागा आहे. त्याचे स्वागत. परंतु संवादकौशल्य म्हणजे आपले म्हणणे गोड करून सांगण्याची हातोटी, अशी समजूत व्हायला वेळ लागत नाही. ऐकायचे काय आणि कशासाठी, हे त्याआधी ठरावे लागते. त्यानंतर 'कुटुंब दत्तक' उपक्रम आला. विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे दत्तक घ्यावीत आणि शिक्षण होईपर्यंत त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा, अशी ती कल्पना. कल्पना फार चांगली. शब्द मात्र फार बोलका. पहिल्या वर्षाचा पोर, ज्याला गावातले दुखण्याचे दहा शब्द ठाऊक नाहीत, तो कुटुंबाला दत्तक घेणार! वस्तुतः दत्तक जायला हवे ते त्याने. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन यांचे रकाने भरून तो परतला, तर तो त्या घरात गेलाच नाही, असे आम्ही समजू.

हा विषय परदेशातून आयात केलेला आहे, असेही कोणी म्हणेल. त्यांनी आनंदीबाई जोशी आठवाव्यात. १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र'. आपल्या समाजात बाळंतपण कसे होते, हा प्रश्न पहिल्या मराठी डॉक्टर स्त्रीला प्रबंधाच्या योग्यतेचा वाटला होता. आपण त्यांच्या करुण चरित्रावर अश्रू ढाळले. त्यांचा विषय पुढे नेला नाही.

आता थोडे स्वतःच्या घरात. आमच्या या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांची 'घाटी', १९५६ साली आले, विद्यापीठ १९५८ साली. दोन्ही जवळजवळ शेजारी. मराठवाड्याच्या साऱ्या बोली घाटीच्या बाह्यरुग्ण विभागात रोज रांग लावून उभ्या असतात. आम्ही मात्र बोलींचा अभ्यास जुन्या शब्दसंग्रहांवरून शिकवतो. दुखण्याच्या मराठी शब्दांचा, जिल्ह्याजिल्ह्यांत बदलणाऱ्या त्यांच्या अर्थांचा कोश करावा, असे आमच्या किती विभागांना वाटले? डॉक्टरांना ऐकू येत नाही म्हणून तक्रार करणाऱ्यांनी आपण काय ऐकले, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून आमची मागणी दोन्हीकडे तोंड करून आहे. वैद्यकीय महाविद्यालयांनी या विषयाची स्वतंत्र परीक्षा घ्यावी, कारण आपल्याकडे परीक्षेत नाही ते अभ्यासात नाही. मराठीच्या विभागांनी आपले विद्यार्थी वही घेऊन त्या रांगेत पाठवावेत. आणि केसपेपरवर एक ओळ अशी असावी, की जी रुग्णाच्या भाषेत, रुग्णाच्या शब्दांत, भाषांतर न करता लिहिली जाईल. दंडक जुनाच आहे. तो एकदा पाळून पाहावा.