‘फक्त चाळीस हजार चाललीय!’

गाडी चौदा वर्षांची. मालक दार उघडून मीटरकडे बोट दाखवतो आणि छाती फुगवून सांगतो, "फक्त चाळीस हजार चाललीय, नवीनच आहे अजून." मग त्याच गाडीत आई-वडील, बायको, पोरं, डिकीत बॅगा आणि टपावर बोचकी लादून स्वारी गणपतीला कोकणात निघते, नाहीतर समृद्धीवरून थेट नागपूरला. मला या वाक्याचा मनापासून संताप येतो. लोखंड किलोमीटरने झिजतं. रबर आणि तेलं मात्र वर्षांनी सडतात, गाडी चालो वा न चालो. त्यामुळे चौदा वर्षांत चाळीस हजार चाललेल्या गाडीची मला लाख चाललेल्या गाडीपेक्षा जास्त धास्ती वाटते. लाख चाललेलीचे टायर निदान दोनदा तरी बदललेले असतात. कमी चाललेलीचा टायर झिजत नाही म्हणून तो बदलावा असं कुणाला वाटतच नाही.

त्या टायरजवळ एकदा उकिडवे बसा. बाजूच्या भिंतीवर ‘डीओटी’ अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. 2314 असेल तर तो टायर 2014 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. बऱ्याचदा हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि नेमकी तीच बाजू आत गेलेली असते. तेव्हा टॉर्च घेऊन गाडीखाली डोकं घाला. मग बाजूच्या रबरावर अंगठा दाबून बघा, बारीक बारीक भेगा उघडतात. नक्षीची खोली कायद्याच्या 1.6 मिलिमीटरपेक्षा चांगली जास्त असते, म्हणून मालक म्हणतो, "टायर तर नवाकोरा आहे." दहा वर्षांचा टायर नवाकोरा नसतो. नक्षी कितीही शाबूत असली तरी तो काढून टाकायचा. आणि हो, डिकीतली स्टेपनी! गाडीबरोबर शोरूममधून आलेली, कधीच न लागलेली. तिच्यात हवा आहे का, हे तरी कुणी बघितलंय? पान्याने नट सुटतात का, जॅक उचलतो का, हे घरासमोर करून बघायला अर्धा तास लागतो. तेवढाही वेळ आपल्याकडे नसतो. गाडीला पॉलिश मारून घ्यायला मात्र अख्खा रविवार असतो.

हवेबद्दल तर अडाणीपणाचा कहर आहे. "उन्हाळा आहे, लांब जायचंय, दोन-तीन पॉइंट हवा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल." हा सल्ला देणाऱ्याला कुणीतरी जाहीरपणे गप्प केलं पाहिजे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, दबून दबून तापते आणि तापलेलं जुनं रबर फाटतं. समृद्धी 701 किलोमीटरची, काँक्रीटची, मोटारींना ताशी 120 ची परवानगी असलेली. तासन् तास एकाच वेगाने धावणाऱ्या मऊ टायरचं तिथे विदर्भाच्या उन्हात काय होणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत कंपनीने तक्ता चिकटवलेला असतो. पाच माणसं आणि सामान असेल तर हवा किती, हे त्यात वेगळं लिहिलेलं असतं. आणि वेगळं म्हणजे जास्त. तेवढी भरा, टायर थंड असताना भरा. नायट्रोजनचे पैसे मोजून प्रेशरकडे न बघणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

पण मला खरी चीड आहे ती ब्रेक ऑइलवरून. हे द्रव हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 ताजं असताना 205 अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर हाच आकडा 140 च्या आसपास येतो. डॉट 4 चं 230 वरून 155. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना, कराडहून चिपळूणला कुंभार्ली उतरताना, भरलेल्या गाडीची पुढची चाकं ब्रेक मारून मारून सहज इतकी तापतात की जुनं ऑइल उकळतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, ऑइल दबत नाही. पॅडल तळाला जातं आणि गाडी चालतच राहते. हे टाळायला काय लागतं? दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं, बस्स.

तेही होत नाही. होतं ते बिलावर होतं. ‘जनरल सर्व्हिसिंग, ब्रेक ऑइल चेंज’ असं छापलेलं बिल एका गॅरेजने माझ्या हातात दिलं. मी चाक काढायला लावलं. कॅलिपरवरच्या ब्लीडिंग निपलवर मागच्या पावसाळ्यातला लाल चिखल वाळून घट्ट बसलेला होता आणि वरची रबरी टोपी जागची हललेलीसुद्धा नव्हती. निपल न उघडता ऑइल बदलता येत नाही. वरच्या डबीतलं थोडं उपसून नवं ओतलं होतं, म्हणजे वरून पिवळं आणि खाली चाकापाशी तेच काळं. विचारल्यावर उत्तर आलं, "साहेब, कोणीच खोलून बघत नाही." तो खरं बोलत होता, आणि मला त्याचाच जास्त राग आला. इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसी सॅनिटायझेशन असल्या भरतीवर मालक हजारो रुपये मुकाट्याने देतो आणि जीव ज्याच्यावर टांगलेला आहे त्या निपलकडे बघत नाही. मग गॅरेजवाल्याने ते का खोलावं?

घाटात गाडी न्यूट्रल टाकून उतरणारे तर गुन्हेगारच आहेत, दुसरा शब्द नाही. "पेट्रोल वाचतं." नाही वाचत. फ्युएल इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजेक्टर पेट्रोल तोडतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. काही महाभाग इंजिनच बंद करतात. दोन-तीनदा ब्रेक दाबला की बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो, पॅडल दगडासारखं होतं आणि पॉवर स्टिअरिंगही जड होतं. ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरा. एसटीचे जुने ड्रायव्हर हे सांगून सांगून थकले.

जुनी गाडी तापली की आपल्याकडचा ठरलेला इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणे आणि फॅन ‘डायरेक्ट’ करणे. रेडिएटर चोंदलाय, तो साफ करायचा नाही. कॅपची रबरी चकती गेलीय, ती बदलायची नाही. कुलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतायचं आणि आतून गंज चढू द्यायचा. रेडिएटरची कॅप दाब धरून ठेवते म्हणून आतलं पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. स्वस्तातली कॅप गेली की इंजिन घाटात उकळलंच म्हणून समजा. आणि थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन शहरात थंडच चालतं, तेल घट्ट राहतं, झीज वाढते, खरा रोग झाकला जातो. तो उघडा पडतो कशेडीच्या चढावर, पोरं मागे रडत असताना. होज पाइप थंड असताना चिमटीत दाबून बघा. क्लिपपाशी फुगलेला किंवा दाबल्यावर करकरणारा पाइप आजच बदला.

टायमिंग बेल्टचंही तेच. तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन, एवढं तरी माहीत करून घ्या. बेल्ट असेल तर मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते. तो तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि गाडी टोचनवरच घरी येते. पेट्रोलचे रबरी पाइपही तपासा, कारण 1 एप्रिल 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या वीस टक्के इथेनॉलसाठी बनलेल्याच नव्हत्या आणि पंपावर आता तेच मिळतं. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर निघायचंच नाही.

पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यासाठी होणाऱ्या तपासणीत चाक काढून निपल बघावा, टायरची तारीख नोंदवावी, ब्रेक ऑइलमधलं पाणी मोजावं, अशी माझी मागणी आहे. हे मोजायचं पेनाएवढं यंत्र स्वस्तात मिळतं. भंगारात काढण्याच्या चर्चेत मला रस नाही. वीस वर्षांची नीट ठेवलेली गाडी मजेत गोवा गाठते, आणि माझ्यासारखे कित्येक जण ती तशी नेतात.

पण ते काम निघायच्या आदल्या रात्री होत नाही. तीन आठवडे आधी गाडी गॅरेजला टाका, समोर उभे राहून करून घ्या, जुने काढलेले भाग मागून घ्या. मग घरच्यांना न घेता एखादा घाट चढून उतरून या आणि चाकांजवळ नाक नेऊन बघा. जळका वास आला तर पुन्हा गॅरेज. गाडीची पूजा करा, हार घाला, माझी काही हरकत नाही. पण सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमला पैसे आहेत आणि चार टायरना नाहीत, असं असेल तर आई-वडिलांना त्या गाडीत बसवू नका. त्यांचं एसटीचं रिझर्व्हेशन करा.