सूत्रधाराने खेळावे काय? : संगणकीय भूमिकाखेळांच्या चालकनियमांविषयी

संहिता आणि प्रयोग यांच्या परस्परसंबंधाची चर्चा मराठी नाट्यसमीक्षेत दीर्घकाळ चालत आली आहे. संहिता आधी असते आणि प्रयोग मागाहून होतो, हे या चर्चेतील एक मूक गृहीत. संगणकाच्या जाळ्यावर खेळल्या जाणाऱ्या शब्दप्रधान भूमिकाखेळांनी हे गृहीतच बाजूस सारले आहे. या खेळात चित्र नसते, ध्वनी नसतो. असतात ती केवळ वाक्ये. प्रत्येक सहभागी एक पात्र स्वीकारतो आणि त्या पात्राचे बोलणे, हालणे, गप्प राहणे लिहून काढतो. समोरचा ते वाचतो आणि आपल्या पात्राच्या वतीने लेखी उत्तर देतो. संहिता आणि प्रयोग एकाच क्षणी जन्माला येतात. लेखक, नट आणि प्रेक्षक एकाच व्यक्तीत नांदतात. उरतो तो चौथा, खेळ चालवणारा. दालने उभारणे, नव्या पात्रास प्रवेश देणे, कथानकातील मोठ्या घटना ठरवणे, तंटे सोडवणे आणि प्रसंगी एखाद्यास खेळाबाहेर काढणे ही त्याची कामे होत. बहुधा ती विनावेतन, हौसेपोटी केली जातात. अशा चालकांसाठी जी नियमावली लिहिली जाते तिच्याकडे तांत्रिक कागद म्हणून पाहण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकांनी सोडली पाहिजे. अनेकांनी मिळून लिहावयाच्या कथनाचे शास्त्र त्या कागदात नकळत लिहिलेले असते, आणि त्यातला कळीचा प्रश्न मराठी रंगभूमीला मुळीच नवा नाही.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हा नटांच्या हाती लिहिलेली भाषणे नव्हती. सूत्रधार पदे म्हणत असे, त्यांतून कथासूत्र पुढे सरके, आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी रचीत. पुढे या परंपरेची ‘अललडुर्र’ म्हणून थट्टा झाली आणि विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) या नाटकापासून ‘बुकिश’ नाटकांची प्रतिष्ठा वाढत गेली. पण तळकोकणातील दशावतारात आजही कथानक थोडक्यात ठरते, भूमिका वाटून घेतल्या जातात आणि संवाद रंगमंचावरच सुचतात. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्याला मिळणारी मोकळीकही याच जातीची. या सर्व प्रकारांत नटाला स्वातंत्र्य होते, पण कथा कोठे न्यावयाची याचा दोर कोणाच्या तरी हाती होता, आणि तो कोणाच्या हाती आहे हे प्रेक्षकांसह सर्वांना दिसत होते. भाव्यांचा सूत्रधार रंगमंचावर उघडपणे उभा असे. पडद्यामागे लपून तो कथेला वळण देत नव्हता.

नियमन म्हटले की मराठी मनासमोर येते ते वेगळेच चित्र. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. ‘सखाराम बाइंडर’च्या (१९७२) काटछाटीचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला हे सर्वश्रुत आहे. या पद्धतीचे गुणदोष काहीही असोत, तिला तपासायला काही तरी आधी लिहिलेले लागते. भूमिकाखेळात असे काहीच हाती नसते. जे अद्याप लिहिलेच गेलेले नाही त्याचे पूर्वपरीक्षण कसे करणार? म्हणून चालकाची नियमावली मजकुराची होऊच शकत नाही, ती वर्तनाची होते; आणि गंमत अशी की या जगात शब्दाखेरीज वर्तनाला दुसरे साधन नाही.

या खेळांचा आरंभ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात झाला. १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ हा खेळ रचला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढवला. त्यात पुरेसे गुण मिळवणारा खेळाडू ‘विझर्ड’ म्हणजे जादूगार होई आणि त्याला इतरांवर चालवता येतील असे अधिकार मिळत. चालकपद हे खेळातले बक्षीस होते. ही कल्पना आकर्षक असली तरी तिच्यात एक जुनी गफलत आहे. उत्तम नट हा उत्तम सूत्रधार असतोच असे नाही. जिंकण्याचे कसब आणि न्याय देण्याची वृत्ती यांचा संबंध असलाच तर उलटा असावा. १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स ॲस्पनेस याने ‘टायनीमड’ रचताना गुण आणि विजय हे प्रकारच काढून टाकले आणि कोणत्याही खेळाडूला दालने बांधण्याची मुभा दिली. तेव्हापासून हा प्रकार स्पर्धेकडून कथनाकडे अधिक झुकला, आणि चालकाने काय करावे हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

त्याचे सर्वांत बोधक उदाहरण म्हणजे ‘लॅम्डामू’. कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये सुरू केलेले हे शब्दांचे घर. सततच्या भांडणांना कंटाळून डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस यांनी तेथील रहिवाशांना उद्देशून एक निवेदन काढले. यापुढे जादूगार सामाजिक तंट्यांत पडणार नाहीत, ते केवळ तंत्रज्ञ म्हणून काम करतील, असा त्याचा आशय होता. मार्च १९९३ मध्ये ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्राने भर दिवाणखान्यात एक प्रोग्राम वापरला. त्या ‘बाहुली’मुळे त्याने लिहिलेली वाक्ये इतर पात्रांच्या कृती म्हणून सर्वांना दिसू लागली. त्या पात्रांच्या नावे त्याने अत्यंत हिंसक आणि लैंगिक अत्याचाराची वाक्ये लिहिली. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षी डिसेंबरात ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये या प्रसंगावर दीर्घ लेख लिहिला. पीडित पात्रामागील एक स्त्री त्याविषयी लिहिताना प्रत्यक्षात रडत होती, हे त्यात नोंदलेले आहे. रहिवाशांची सभा भरली, काही ठरले नाही, आणि अखेर एका जादूगाराने स्वतःच्या निर्णयाने बंगलला कायमचे पुसून टाकले.

या प्रसंगाची चर्चा बहुधा ‘शब्दाने झालेली इजा खरी की खोटी’ या दिशेने होते. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्यातील गुन्ह्याचे स्वरूप अधिक महत्त्वाचे वाटावे. बंगलने दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी आणि अंगी आपले शब्द घातले. भूमिकाखेळाचा मूळ करारच असा की आपल्या पात्राचे आपण लिहावे, दुसऱ्याचे त्याने. हा करार तांत्रिकदृष्ट्या सहज मोडण्याचे सामर्थ्य एकाच वर्गाकडे कायम असते, तो म्हणजे चालकवर्ग. बंगलने चोरवाटेने जे केले ते चालक राजमार्गाने करू शकतो. चालकनियमांची खरी गरज येथे आहे.

कर्टिस यांनी त्यानंतर अर्ज आणि मतदान यांची पद्धत आणली. परंतु मे १९९६ मध्ये जादूगारांनी दुसरे निवेदन काढून १९९२ची भूमिका मागे घेतली. तंत्र आणि समाज वेगळे काढता येत नाहीत, आपण निर्णय घेतच होतो, यापुढे ते उघडपणे घेऊ, असे त्यांनी मान्य केले. शासनपद्धती म्हणून यात लोकशाहीची पीछेहाट दिसेल, आणि ती आहेच. पण प्रामाणिकपणाच्या दृष्टीने दुसरे निवेदन पहिल्यापेक्षा सरस आहे. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याने ‘मी फक्त कुलूपदुरुस्ती करतो’ असे म्हणणे ही जबाबदारी टाळण्याची सभ्य रीत होय.

मग चालकाने स्वतः पात्र घेऊन खेळावे काय? अनेक नियमावल्या याला ‘नाही’ म्हणतात, आणि हेतू चांगला असूनही ते चूक आहे. जो खेळत नाही त्याला खेळाची भाषा कळेनाशी होते; टोमणा कोणता, पात्राचा राग कोणता आणि खेळाडूचा खरा राग कोणता हे त्याला बाहेरून ओळखता येत नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या सिद्धिविषयक अध्यायात ‘प्राश्निकां’ची जी व्यवस्था सांगितली आहे ती येथे उपयोगी पडते. प्रयोगाविषयी वाद उत्पन्न झाल्यास निर्णय देणारे हे जाणकार. त्यांत यज्ञ जाणणारा आहे, नर्तक आहे, छंद जाणणारा, शब्द जाणणारा, चित्रकार आणि गणिकाही आहे. आणि प्रत्येकाने आपापल्या विषयापुरताच निवाडा करावयाचा आहे. त्यांनी रंगमंचापासून फार जवळ वा फार दूर बसू नये, हेही तेथे सांगितले आहे. अधिकार विषयापुरता असावा आणि अंतर बेताचे असावे, हे दोन दंडक कोणत्याही आधुनिक नियमावलीत जसेच्या तसे घालता येतील. चालकाने खेळावे, पण दुय्यम पात्र घेऊन. कथानकाचा राजा वा नायक त्याने होऊ नये. चालक म्हणून कळलेले गुपित पात्राला कळलेले नसते, हे त्याने स्वतःवर बंधन मानावे. आणि ज्या प्रसंगात त्याचे पात्र आहे त्या प्रसंगाचा निवाडा दुसऱ्याने करावा.

सहा-सात जणांच्या लहान खेळात दुसरा आणावा कोठून, हा आक्षेप खरा आहे. तेथे निर्णय कारणासह लिहून सर्वांपुढे ठेवणे एवढे तरी शक्य असते. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या २०२२च्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकाही संघाला करंडक न देण्याचा निर्णय घेतला. त्यावर शहरात बरीच उलटसुलट चर्चा झाली. निर्णय पटो वा न पटो, ती चर्चा होऊ शकली, कारण परीक्षक नावानिशी समोर होते आणि कारण सांगितले गेले होते. टोपणनावाआड बसलेला चालक रात्रीतून एखादे पात्र पुसतो तेव्हा वाद घालायलाही कोणी समोर नसते.

आतापर्यंतच्या नियमावल्या प्रायः इंग्रजीत घडल्या आहेत, आणि मराठीत असा खेळ चालवणाऱ्याने त्या केवळ भाषांतरित केल्या तर एक गोष्ट हमखास निसटेल. खेळाडूची खरी ओळख चालकाने उघड करू नये हा सर्वत्र मान्य नियम आहे. इंग्रजीत तो पाळणे तुलनेने सोपे, कारण प्रथमपुरुषी क्रियापद लिंग सांगत नाही. मराठीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांतून बोलणारा लगेच उघडा पडतो. ‘मी पत्र वाचले’ असे सकर्मक भूतकाळी वाक्य लिंग झाकते. पण ‘मी पत्र वाचते’ म्हणताच झाकण निघते, आणि ‘मी म्हणालो’, ‘मी म्हणाले’ यांत तर सुटकाच नाही. स्त्रीपात्र खेळणारा पुरुष पात्राच्या तोंडी ‘आले’ लिहील. पण भूमिकेबाहेर येऊन चालकाकडे तक्रार करताना काय लिहील? आणि चालक त्याला काय म्हणेल? ‘तू म्हणालास’ की ‘तू म्हणालीस’? बालगंधर्वांना रुक्मिणीच्या वेषात पाहणाऱ्या प्रेक्षकाला नारायणराव राजहंस ठाऊक होते, म्हणून हा पेच तेथे नव्हता. येथे तो रोजचा आहे. सुदैवाने आदरार्थी रूप साहाय्यास येते : ‘आपण म्हणालात’ यात स्त्रीपुरुषभेद नाही. मराठी चालकाने भूमिकेबाहेर सदैव ‘आपण’ वापरावे हा नियम म्हणूनच शिष्टाचारापुरता राहत नाही, तो संरक्षणाचा होतो. शिवाय भूमिकेतले अरे-तुरे आणि भूमिकेबाहेरचे ‘आपण’ यांतून सीमारेषाही आपोआप आखली जाते. मात्र ‘आपण’ म्हणजे ‘सदर खेळाडूस याद्वारे कळविण्यात येते की’ नव्हे. मराठीत अधिकार हाती येताच माणसाला कचेरीची भाषा का सुचावी, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. इतरांचा मजकूर साठवून दाखवणाऱ्या मध्यस्थ मंचांना भारतात २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आलेल्या तक्रारीची पोच चोवीस तासांत देणे आणि ठरलेल्या मुदतीत तिचा निकाल लावणे त्याच्यावर बंधनकारक आहे. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे. महाविद्यालयीन मंडळांनी अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सामावून घेताना हे ध्यानात ठेवावे.

राहिला नोंदींचा प्रश्न, आणि तो विद्यापीठीय वाचकाच्या अधिक जवळचा आहे. खेळातील प्रत्येक वाक्य साठवता येते. भाव्यांच्या नटांची उत्स्फूर्त भाषणे हवेत विरली. मागे राहिली ती पदे, १८८५च्या ‘नाट्यकवितासंग्रहा’त. संगणकीय खेळाची मात्र संपूर्ण संहिता मागे उरते, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला ती प्रबंधासाठी आयती सामग्री वाटणे स्वाभाविक आहे. पण ती अनेकांनी, परस्परांच्या विश्वासावर, छापण्यासाठी नव्हे तर खेळण्यासाठी लिहिलेली असते. चालकाला ती वाचता येते म्हणून ती देण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. नोंदी किती काळ ठेवावयाच्या, कोणी वाचावयाच्या, आणि अभ्यासासाठी मागितल्यास संमती कोणाकोणाची लागेल, ही कलमे पहिल्या खेळाडूला प्रवेश देण्यापूर्वी लिहिली गेली पाहिजेत. खेळ संपल्यावर पात्रांची नावे तेवढी हाती राहतात, आणि त्यांच्याकडून सही घेता येत नाही.