क्रोशाच्या लेसला घरचा ताणपाट



मळणी आटोपली, धान्य कणगीत पडले, की दुपारी दोन घटका हात मोकळे होतात. मग ओसरीवर क्रोशाची सुई निघते. ताटावरचे रुमाल, दाराचे तोरण, बाळाचे टोपडे, परकराची लेस अशा कितीतरी वस्तू घरोघरी होतात. वीण सुबक असते, दोरा चांगला असतो. पण रुमाल जमिनीवर पसरला, की एक कोपरा वर येतो, पाकळ्या दुमडतात, मध्ये फुगवटा राहतो. अशी वस्तू विकायला नेली तर घेणारा टाके मोजत नाही. तो चुरगळलेपणावर बोट ठेवून भाव पाडतो. पंधरा दिवसांची मेहनत अशी शेवटच्या एका दिवसाच्या कामाअभावी स्वस्तात जाते.

ते शेवटचे काम म्हणजे लेस धुऊन, ताणून, आकारात वाळवणे. सुती दोरा भिजला की मऊ पडतो आणि ज्या आकारात वाळेल तो आकार धरतो. खळ दिली तर तो आकार अधिक टिकतो. याला लागणारी साधने घरच्या सामानातून होतात. कशी, ते क्रमाने पाहू.

पहिले साधन पाट. आपण त्याला ताणपाट म्हणू. द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या रिकाम्या खोक्यांचा पन्हाळीदार पुठ्ठा घ्यावा. ५० सें.मी. लांबी-रुंदीचे चार तुकडे कापावेत. एकाच्या पन्हाळी उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, असे एकावर एक चिकटवून वजनाखाली रात्रभर ठेवावेत. पन्हाळी आडव्या-उभ्या आल्या की पाट वाकत नाही आणि टाचणी घट्ट बसते. वर स्वच्छ प्लॅस्टिक आणि त्यावर पांढरे सुती कापड ताणून मागे शिवून टाकावे. औषधाचे खोके किंवा खताच्या गोणीतले प्लॅस्टिक मात्र धुऊनही वापरू नये. यावर वाळलेले टोपडे बाळाच्या डोक्याला लागणार आहे.

आता पाटावर आखणी. फळबागेसाठी खड्डे आखताना दोरीने ३-४-५ चा काटकोन धरतात, तेच इथे करावे. एका कोपऱ्यापासून एका बाजूला ३० सें.मी. आणि दुसऱ्या बाजूला ४० सें.मी. वर खूण करावी. दोन्ही खुणांमधले तिरपे अंतर बरोबर ५० सें.मी. भरले तर कोन काटकोन आहे. मग दर ५ सें.मी. वर पांढऱ्या दोऱ्याने लांब धावदोरे घालावेत. पेनाच्या शाईने किंवा रंगीत खडूने रेघा मारू नयेत, कारण ओल्या लेसला त्यांचा रंग लागतो.

दुसरे साधन टाचण्या. साध्या लोखंडी टाचणीला ओल्या सुतात काही तासांत गंज चढतो आणि तो डाग निघता निघत नाही. म्हणून न गंजणाऱ्या टाचण्या घ्याव्यात. दुकानदाराच्या शब्दावर न जाता एक टाचणी ओल्या पांढऱ्या चिंधीत रात्रभर टोचून ठेवावी. सकाळी चिंधी पांढरी दिसली तरच बाकीच्या वापराव्यात. बाभळीचे काटे फुकट मिळतात, पण त्यांचा मोह टाळावा. बाभळीत टॅनिन असते, आणि त्याचा लोखंडाशी संबंध आला की काळा डाग पडतो.

तिसरे साधन बांबूच्या काड्या. सरळ काठाला दहा-वीस टाचण्या लावल्या तर प्रत्येक टाचणीपाशी काठ ओढला जातो आणि नागमोडी होतो. त्याऐवजी उदबत्तीच्या काडीइतक्या जाडीच्या, ५० सें.मी. लांब काड्या तासून घ्याव्यात. पाण्यात उकळून सुकवाव्यात, म्हणजे रंग उतरायचा तो आधीच उतरेल. मग पॉलिशपेपरने इतक्या गुळगुळीत कराव्यात, की जुन्या नायलॉनच्या ओढणीवरून ओढल्या तरी अडकू नयेत. ही काडी काठाच्या प्रत्येक साखळीतून ओवावी आणि टाचण्या फक्त काडीला टेकवून लावाव्यात. ताण सगळीकडे सारखा बसतो.

गोल रुमालासाठी कागदाचा नमुना करावा. खिळा, दोरी आणि पेन्सिल घेऊन वर्तुळ काढावे. दोरीची लांबी तीच ठेवून कडेवर एकामागून एक खुणा केल्या की बरोबर सहा खुणा बसतात. आठ पाकळ्या असतील तर कागदाचे वर्तुळ तीनदा निम्मे दुमडावे. नमुना पाटावर ठेवून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक घालावे, म्हणजे पेन्सिलही लागणार नाही. आधी मधोमध टाचणी लावावी, मग समोरासमोरच्या पाकळ्या. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट जसे समोरासमोर आवळतात, तसेच हे आहे. एका बाजूने लावत गेलो तर शेवटी सगळा ढिलेपणा एकाच ठिकाणी जमतो.

चौकोनांची चादर करणाऱ्यांनी खुंट्यांची फळी करून घ्यावी. फळीचे दोन्ही कर्ण आखावेत. जेवढ्या बाजूचा चौकोन हवा, त्याच्या ०.७०७ पट अंतर मध्यापासून प्रत्येक कर्णावर दोन्हीकडे मोजून भोक पाडावे. म्हणजे १० सें.मी. च्या चौकोनाला ७.१ सें.मी., १५ ला १०.६ आणि २० ला १४.१. सुताराकडून ही भोके गिरमिटाने पाडून घ्यावीत आणि बांबूच्या १२ सें.मी. उंच खुंट्या बसवाव्यात. चार खुंट्यांत सात-आठ चौकोन एकावर एक बसतात आणि सगळे एकाच मापाचे निघतात. जोडताना मग ओढाताण होत नाही. टोपड्यासाठी वेगळे काही नको. डोक्याच्या मापाची वाटी उपडी ठेवून त्यावर ते वाळवावे.

आता कृती. लेस कोमट पाण्यात साध्या साबणाने हलक्या हाताने धुवावी. पिळू नये. पंचात गुंडाळून दाबावी. खळीसाठी दोन चमचे साबुदाणा भिजवून दोन कप पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवावा, गाळावा आणि हवा तसा पातळ करावा. मीठ न घातलेली भाताची पेजही चालते. खळीत लेस बुडवून, दाबून, पाटावर लावावी. बोटाने दाबले असता किंचित उसळेल इतकाच ताण द्यावा. तट्ट ताणल्यास खांब उसवल्यासारखे दिसतात. सावलीत, वाऱ्यावर, पूर्ण वाळेपर्यंत हलवू नये. खळीला झुरळे येतात, म्हणून वस्तू बरेच महिने ठेवायची असेल तर खळ धुऊन टाकून ठेवावी. हे सर्व सुती दोऱ्यासाठी आहे. ॲक्रिलिक लोकर अशी बसत नाही.

शेवटी हिशेबाचे दोन शब्द. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते, तिथे तिच्या एका शाखेवर नरसापूर हे क्रोशाच्या लेसचे गाव आहे. तिथल्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८२ साली, मारिया मीस या जर्मन विदुषीने नरसापूरच्या लेस करणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिले. दिवसाचे अनेक तास विणूनही या बायकांचे काम ‘घरबसल्या फावल्या वेळचे’ म्हणून धरले जाई, त्यामुळे मजुरी तुटपुंजी राही आणि नफा व्यापाऱ्याकडे जाई, असे त्यांनी दाखवून दिले.

आपल्या ओसरीवरही हीच गोष्ट घडू शकते. म्हणून ताणपाटाबरोबर एक वही ठेवावी. प्रत्येक वस्तूला दोरा किती लागला, विणायला किती तास गेले, धुऊन ताणायला किती, आणि पैसे किती मिळाले, हे लिहावे. तासाची मजुरी काढून ती शेतातल्या रोजाशी ताडून पाहावी. पिकाचा जमाखर्च आपण मांडतो, मग लेसचा का मांडू नये? घरातल्या पुरुष मंडळींनीही ती वही एकदा वाचावी. ज्याला आपण फावला वेळ म्हणतो, त्यात किती तास भरतात, ते तिथे आकड्यांत दिसेल.