श्वासाचा रकाना

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचे हट्टा हे गाव आपल्या प्राचीन बावडीमुळे ख्यातनाम असले, तरी गोंदियाच्या सरहद्दीलगतच्या या मुलखाचा विचार करताना मला प्रथम आठवतो तो येथील कित्येक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला सिकलसेलचा विकार. शरीरातील पाणी आटले, प्राणवायू घटला किंवा रक्ताची आम्लता वाढली, की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्याचा आकार धारण करून सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवतात आणि हाडांतून असह्य कळा उठतात.

निरोगी मनुष्याच्या धमनीतील रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद मर्यादेत राहतो, तो ७.४ वरून ७.१ वर उतरला, तर फरक क्षुल्लक भासला तरी आम्लता दुप्पट झालेली असते. ही मर्यादा सांभाळण्यासाठी मूत्रपिंडांना कित्येक तास, प्रसंगी दिवस लागतात, फुप्फुसे मात्र कर्बवायू बाहेर टाकून तत्काळ धावून येतात, म्हणून बिघाडाची पहिली वर्दी बहुधा श्वासच देतो. कुसमाउल या जर्मन वैद्याने मधुमेहाच्या मूर्च्छेतील खोल श्वासाचे वर्णन १८७४ साली केले. पीएच ही संज्ञा सोरेन्सनने दिली ती १९०९ मध्ये; म्हणजे श्वासाची खूण आकड्याच्या आधीच टिपली गेली होती.

रक्तातील वायू मोजणारे यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात येईल तेव्हा येवो, आणि आले तरी सिरिंजमध्ये राहिलेला हवेचा बुडबुडा किंवा नमुना पोहोचवण्यातील दिरंगाई त्याचा आकडा बिघडवतेच. असे असता, रुग्णाच्या तक्त्यावर नाडी व ताप मोजून लिहिले जावेत आणि श्वासाच्या रकान्यात मात्र सवयीने २० हा आकडा उतरवला जावा, ही अनेक वॉर्डांतील रीत मला असह्य वाटते. याचा दोष रात्रपाळीत संपूर्ण वॉर्ड एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टरवर मी ठेवीत नाही. तो त्या शिक्षणावर आहे, ज्याने तिच्याकडून आकडे पाठ करून घेतले, पण धाप आणि आम्लता यांचे नाते तिला रुग्णाच्या खाटेशी उभे करून कधी दाखवले नाही.

चादर बाजूला सारून पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजणे, लघवी किती झाली हे पाहणे आणि रुग्ण सुस्तावत चालला आहे काय हे ओळखणे, एवढे शिकलेल्या सिस्टरला, केवळ त्या नोंदीच्या आधारे मध्यरात्रीही डॉक्टरांना बोलावण्याचा लेखी अधिकार असावा, आणि यंत्राचा अहवाल हाती येईपर्यंत थांबण्याचे बंधन तिच्यावर नसावे, असा हुकूम सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या सरकारांनी काढावा.