स्वस्ताई कोणाच्या जिवावर?

परमुलखात जाऊन राहणाऱ्या माणसाला आजच्या जगाने दोन नावे दिली आहेत. लंडनचा सेवानिवृत्त गृहस्थ थायलंडच्या किनाऱ्यावर बिऱ्हाड थाटतो, तेव्हा तो ‘एक्स्पॅट’ ठरतो. म्हसळ्याचा तरुण कुवेतच्या किनाऱ्यावर उतरतो, तेव्हा तो ‘लेबर’ ठरतो. समुद्र दोघेही ओलांडतात. फरक इतकाच, की पहिला आपला पैसा स्वस्त मुलखात खर्च करावयास नेतो आणि दुसरा आपले श्रम महाग मुलखात विकावयास नेतो. शब्दांतला हा भेद वस्तुतः वर्गभेद आहे.

म्हसळा तालुक्याला परदेशवास नवा नाही. सिद्दीच्या जंजिरा संस्थानातला हा मुलूख १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाला. डोंगरउताराची जमीन, पावसावरचे भात आणि हाताला दुसरे काम नाही, अशा स्थितीत माणसे बाहेर पडणे अटळच होते. कोणी मुंबईच्या गिरणीत शिरले, कोणी बोटीवर खलाशी झाले. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि येथील तरुणांची, विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबांतील तरुणांची, पावले आखाताकडे वळली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधारही तुटला.

आखातातील कफालत पद्धतीने कामगाराचा परवाना मालकाच्या हाती बांधून ठेवला. कतारने २०२० साली आणि सौदी अरेबियाने २०२१ साली ही गाठ काहीशी सैल केली. तरी उभे आयुष्य राबूनही सामान्य कामगाराला तेथे नागरिकत्व मिळत नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा दीड लाखांहून अधिक भारतीयांना हातची कमाई टाकून मायदेशी परतावे लागले. म्हातारपण काढावयाचे ते गावातच, हे त्या कामगाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते.

पण ज्या गावावर त्याची भिस्त, त्या गावाकडे आता दुसऱ्यांची नजर वळली आहे. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा शेजारचा किनारा मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू वर्गाला ‘स्वस्त आणि निवांत’ वाटतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. नव्याने लावलेली पोफळ फळाला येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तोवर घर चालवावयाचे कशावर? अशा वेळी जो जमीन विकतो त्याला दोष देणे हा अन्याय होईल.

कायद्याचा व्यवहारही पाहण्यासारखा आहे. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ शेतकरी नसलेल्याला परवानगीविना शेतजमीन घेऊ देत नाही. परंतु राज्यात अन्यत्र कोठेतरी सातबारावर नाव असलेला धनिक येथे बिनदिक्कत खरेदी करू शकतो. उलट आखातात राबणारा म्हसळेकर अनिवासी ठरतो आणि परकीय चलनाच्या नियमांनुसार त्याला स्वतःच्याच गावात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तरच त्याची!

ही स्वस्ताई निसर्गाने दिलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या कर्ती माणसे बाहेर गेली म्हणून जमीन स्वस्त, दुसरा रोजगार नाही म्हणून मजुरी स्वस्त. बाहेरच्याचे उत्पन्न शहराच्या दराने ठरते, खर्च मात्र गावाच्या दराने होतो. मधली तफावत स्थानिक श्रमिक भरून काढतो. हाच व्यवहार वाढला, की भाव चढतात आणि गावच्याच मुलाला घर बांधणे दुरापास्त होते. पोर्तुगालने परकीय धनिकांना घरखरेदीच्या बदल्यात निवासाचा परवाना दिला आणि घरांचे भाव सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्यावर २०२३ साली ती वाट बंद केली. अर्थात आखाती पैशानेही जागेचे भाव चढवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. तो पैसा घरात आणि सोन्यात गुंतला. उत्पादनात गुंतावा अशी व्यवस्था कोणी उभारलीच नाही.

म्हणून ‘बाहेरच्यांना हाकला’ ही घोषणा समाजवाद्यांची असू शकत नाही. ज्या तालुक्याचे कित्येक संसार परमुलखाच्या आश्रयावर उभे राहिले, त्याने परक्याचा द्वेष करणे आत्मघातकी ठरेल. प्रश्न माणसाच्या येण्याचा नाही, जमिनीच्या मालकीचा आणि श्रमाच्या मोलाचा आहे. जमिनीचा प्रत्येक मोठा व्यवहार ग्रामसभेपुढे जाहीर व्हावा. वर्षभर कुलूपबंद राहणाऱ्या बंगल्यांवर अधिक घरपट्टी बसावी. बागायतदारांच्या सहकारी संस्थांत परदेशस्थ गावकऱ्यांची बचत सुरक्षितपणे गुंतवता यावी. आणि परतलेल्या कामगाराला निवृत्तिवेतन मिळावे. यातली शेवटची गोष्ट स्वप्नरंजन नव्हे. केरळने २००८ साली प्रवासी कल्याणाचा कायदा करून ती सिद्ध केली आहे. तिथल्या कामगारांनी ती संघटनेच्या बळावर मागून घेतली. म्हसळ्यात ते बळ उभे करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. ते दुसरे कोणी करणार नाही.