स्नेह आणि मोबदला

परवा एका स्नेह्यांच्या घरी अठ्ठाईचे पारणे होते. त्यांच्या मुलाच्या मित्राने सकाळपासून हौसेने छायाचित्रे काढली. मंडपवाल्याचा व आचाऱ्याचा हिशेब त्याच सायंकाळी चुकता झाला. त्या मुलाला मात्र यजमान हसून एवढेच म्हणाले, "आठ दिवसांत अल्बम दे हं!" तो काहीच बोलला नाही.

छायाचित्र टिपणे हे क्षणाचे काम. पण शेकडो चित्रांतून निवड करण्यात, त्यांचा उजेड व रंग सुधारण्यात रात्री जातात. आपण व्यापारी, वेळेचे मोल आपल्याला ठाऊक आहे. अचौर्य अणुव्रत न दिलेले घेऊ नये असे सांगते. मित्राने आपण होऊन दिलेले श्रम ही भेट होय. गृहीत धरून घेतलेले श्रम अदत्तच नव्हेत काय?

म्हणून पेढीवरचा नियम येथेही पाळावा : बोलणी आधी, काम नंतर. यजमानांनी स्वतःहून मोबदला विचारावा. मुलानेही संकोच न करता रक्कम सांगावी, किंवा "ही माझी भेट" असे स्पष्ट म्हणावे. मंदिरातील उत्सवात सेवा म्हणून अवश्य छायाचित्रे काढावीत. घरगुती समारंभाला सेवेचे नाव देऊ नये. न बोललेली बाकी वहीत चढत नाही, म्हणूनच ती फिटतही नाही.