रहस्यकथेतलं भूत आणि घरातला गीझर

सुट्या लागल्या की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी फिरताना तो मी बऱ्याचदा ऐकला आहे. मुलं गुप्तहेरांच्या कादंबऱ्या वाचतात हे चांगलंच. पण त्यांत शापित घराणं, रात्री वाजणारी पावलं, वाड्यात दिसणारी पांढरी आकृती असं काहीबाही असतं. मग मुलं रात्री एकटी झोपायला तयार होत नाहीत. अशी पुस्तकं हातात द्यावीत का? डोक्यात अंधश्रद्धा तर नाही ना भरणार?

माझं मत असं, की जरूर द्यावीत. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात न सापडणारी एक सवय या पुस्तकांतून लागते, आणि ती पुढे घरातल्या आजारपणात उपयोगी पडते.

मराठी वाचकाला रहस्य आणि भय या दोन वाटा वेगवेगळ्या माहीत आहेत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड एका पिढीने अक्षरशः फडशा पाडून वाचले. तिथे गुन्हेगार माणूसच असतो. नारायण धारपांच्या ‘समर्थ’ कथांत मात्र अतिमानवी शक्ती खरीच असते आणि तिच्याशी सामना होतो. आपल्याला इथे हवी आहे ती या दोन्हींच्या मधली जात: तपास गुन्ह्याचा, पण ‘यामागे बाहेरचं काही असेल का’ ही शंका शेवटपर्यंत सोबत करणारी.

या जातीचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे आर्थर कॉनन डॉइल यांची ‘द हाऊंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही १९०२ मध्ये पुस्तकरूपात आलेली कादंबरी. माळरानावर आग ओकणारा राक्षसी कुत्रा दिसतो आणि घराण्यातला माणूस दगावतो. शेरलॉक होम्स गावकऱ्यांना हसत नाही. त्याची भूमिका साधी आहे: खरोखर अतींद्रिय शक्ती असेल तर आपला तपास तिथेच संपला, तेव्हा तिथे पोहोचण्याआधी बाकीच्या सगळ्या शक्यता तपासून संपवू. शेवटी कुत्रा खराच निघतो आणि त्याच्या तोंडाला चमकण्यासाठी फॉस्फरसचं मिश्रण फासलेलं असतं.

ही रीत दवाखान्यातून आलेली आहे. डॉइल स्वतः डॉक्टर होते आणि होम्स हे पात्र त्यांना सुचलं ते एडिंबरोमधले त्यांचे शिक्षक डॉ. जोसेफ बेल यांच्यावरून. रुग्ण दारातून आत येताना त्याची चाल, हात, कपडे पाहून बेल बरंच काही ओळखत. आजही डॉक्टर लक्षणं ऐकून एकदम एका आजारावर उडी मारत नाही. शक्यतांची यादी करतो, त्यातला जीवघेणा आणि चटकन बरा होणारा आजार आधी तपासतो. संशयितांची यादी करणारा गुप्तहेर वेगळं काय करतो?

आता कादंबरीतून प्रत्यक्षात येऊ. अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ डॉ. विल्यम विल्मर यांनी १९२१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकिकत छापली. हे कुटुंब १९१२ मध्ये एका जुन्या मोठ्या घरात राहायला गेलं. थोड्याच दिवसांत रिकाम्या खोल्यांतून पावलांचे आवाज येऊ लागले, आकृत्या दिसू लागल्या, मुलं फिकी पडली, सगळ्यांची डोकी दुखू लागली. घर झपाटलेलं आहे असं वाटावं, असाच सगळा प्रकार. तपासाअंती तळघरातली घर गरम ठेवणारी भट्टी बिघडलेली निघाली. तिचा धूर बाहेर जाण्याऐवजी घरात पसरत होता आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड घरच्यांच्या रक्तात भिनत होता.

नाशिकच्या थंडीत हे उदाहरण आपल्यापासून फार लांबचं नाही. आपल्याकडच्या कित्येक फ्लॅटमध्ये बाथरूम जेमतेम चार बाय सहाचं, वर छोटी खिडकी, ती थंडीमुळे बंद, आणि आतच भिंतीवर गॅसचा गीझर. हवा अपुरी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, तसा इशारा इथे मिळत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने या वायूला धरून ठेवतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं होतं, आणि मग माणूस कोसळतो. कोविडमध्ये घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवून फसवू शकतो, कारण नेहमीच्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही. ‘त्या बाथरूममध्ये गेलं की चक्कर येते, काहीतरी आहे तिथे’ असं घरातलं कुणी म्हणालं, तर नारळ उतरवण्याआधी गीझर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणून डॉक्टरांकडे न्या.

असे आणखी संशयित आहेत. पहाटे जाग येते, हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, ओरडावं तर आवाज फुटत नाही. स्वप्नं पडतात त्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. मेंदू जागा झाला आणि स्नायू अजून झोपेतच राहिले की असं होतं. जागरणं, ताण, पाळ्यांची नोकरी यांत ते वाढतं. काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरतं आणि सहसा धोक्याचं नसतं. याउलट, चांगली शिकणारी तरुण मुलगी आठ-पंधरा दिवसांत बदलते, नसलेल्या माणसांशी बोलते, तिला झटके येतात, तोंड वेडंवाकडं होतं. अशा वेळी मेंदूला सूज आणणारा, शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ओढवलेला आजार असू शकतो. त्याचा एक प्रकार २००७ मध्ये स्पष्टपणे ओळखला गेला. वेळेत उपचार झाले तर यातले बरेच रुग्ण चांगले सुधारतात. मांत्रिकाकडे गेलेला प्रत्येक आठवडा इथे महागात पडतो.

महाराष्ट्रात असा तपास प्रत्यक्ष करणारी माणसंही आहेत. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, जेवणात केस निघतात, अशा ‘भानामती’च्या तक्रारींचा छडा महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव लावला आहे. त्यांची पद्धत एखाद्या चांगल्या कादंबरीत शोभावी अशी असते. काय घडलं, किती वाजता, तेव्हा घरात कोण होतं, कोण नव्हतं, हे प्रत्येकाला वेगळं बसवून विचारायचं. बहुतेक वेळा धागा घरातल्याच एका व्यक्तीपाशी पोहोचतो.

पण इथे कादंबरी आणि घर यांच्या वाटा वेगळ्या होतात. कादंबरीत शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून गुन्हेगाराकडे बोट दाखवतात. समितीचे कार्यकर्ते त्या व्यक्तीचं नाव जाहीर करत नाहीत. कारण ती बहुधा घुसमटलेली असते: सासरी बोलायची सोय नसलेली सून, अभ्यासाच्या किंवा मारहाणीच्या धाकाखालचं मूल. तिचं दुःख सांगायला तिला दुसरी भाषा सापडलेली नसते. तिला समुपदेशन लागतं, कधी मानसोपचार लागतात. अंगात येण्याच्या कित्येक प्रकारांतही हेच दिसतं. ‘नाटक करते’ म्हणून तिला झोडपणं हे ‘भूत आहे’ म्हणून झोडपण्याइतकंच वाईट. मुलांच्या हाती रहस्यकथा देताना एवढी एक गोष्ट मात्र मोठ्यांनी सांगायला हवी, की खऱ्या घरातला ‘आरोपी’ अनेकदा रुग्ण असतो.

खरा गुन्हेगार कोण, याचं उत्तर सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या १९७१ च्या फेलूदा कादंबरीत छान मिळतं. एका मुलाला पूर्वजन्म आठवतो म्हणे. त्या आठवणी खऱ्या की खोट्या, यावर लेखक ठाम निकाल देत नाही. गुप्तहेर पकडतो ते त्या मुलाच्या आठवणींवर स्वतःची तुंबडी भरायला निघालेल्या भामट्यांना. आपल्याकडचा जादूटोणाविरोधी कायदाही नेमका इथेच बोट ठेवतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यावर त्याचा वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं, यासाठी सहा महिने ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद त्यात आहे. तुमच्या मनातल्या श्रद्धेला तो हात लावत नाही.

तरीही, पुस्तकं वाचून माणूस आयुष्यभरासाठी सुरक्षित होतो असं मी म्हणणार नाही. होम्सला जन्म देणाऱ्या डॉइल यांनीच पुढे परलोकविद्येचा हिरिरीने प्रचार केला. १९१८ मध्ये त्यांचा मुलगा गेला, १९१९ मध्ये भाऊ. १९२० मध्ये दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटो त्यांनी खरे मानून त्यावर लेख लिहिला. त्या पऱ्या कागदाच्या कापलेल्या होत्या, हे त्या दोघींनी म्हातारपणी, १९८३ मध्ये कबूल केलं. दुःखात आणि भीतीत भल्याभल्यांची तर्कबुद्धी गळून पडते. म्हणून घरात असं काही घडलं तर एकट्याने निकाल लावू नये. बाहेरचा, शांत डोक्याचा माणूस हवाच. फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करा. मानसिक त्रासासाठी ‘टेली मानस’ची १४४१६ ही शासकीय हेल्पलाइन विनामूल्य आहे.

तेव्हा मुलांना ही पुस्तकं वाचू द्या, थोडं घाबरूही द्या. शेवटची पन्नास पानं उरली की पुस्तक मिटायला सांगा आणि विचारा: तुला काय वाटतं, कोणी केलं असेल? कशावरून? आणखी काय शक्य आहे? हे तीन प्रश्न ज्याला लहानपणी विचारले गेले, तो मोठेपणी घरात कुणी आजारी पडल्यावर तेच प्रश्न डॉक्टरांना विचारेल. बुवालाही विचारेल, आणि बुवाकडे त्यांची उत्तरं नसतील.